तीन टिंबं

गंगापूर रोडवर, डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर
आम्ही सातजण एक गेम बनवतो
आणि मला पगार मिळतो
एकही शब्द न बोलणाऱ्या मुलाचे संवाद लिहिण्याचा.

पहिल्याच दिवशी गायधनी म्हणाला,
हा तोंड उघडणार नाही. खेळणाऱ्याने
त्याच्या गप्पपणात शिरून बघायचं,
दुसऱ्याचा स्वेटर अंगात घालून बघतात तसं.
मग मी कशाला, विचारलं.
तर म्हणाला, बाकीचे बोलतील ना.

बाकीचे बोलतात. नावाडी बोलतो, चक्कीवाली बोलते,
पुलावरचा म्हातारा तर थांबतच नाही.
मुलाच्या डोक्यावर तीन टिंबं येतात
आणि म्हातारा म्हणतो, ‘असं म्हणतोस? बरं, जा मग.’
ती तीन टिंबं मी चार दिवस लिहीत होते.

आप्पा अंबडला पॉवर प्रेसवर होते, एकोणतीस वर्षं.
शेडमध्ये दणदणाट इतका
की तोंडाचा उपयोग फक्त डबा खायला.
दोन बोटं कपाळाला: सुपरवायझर आला.
तळहात पालथा: डाय बदल.
अंगठा ओठाला टेकवून खाली: चहा.
करंगळी वाकडी केली की काय,
ते मला कधी सांगितलं नाही.
शिफ्ट संपवून त्रिमूर्ती चौकात उतरायचे
तरी कानात मशीन चालूच.
घरी आम्ही काही विचारलं की ताटात बघायचे.
आई म्हणायची, ‘हो म्हणतायत.’

मुलाला चालायला मुबीनने शिकवलं.
डावा खांदा खाली, अंग जरा पुढे झुकलेलं,
जसं काही अजून हातात पत्रा आहे.
कुठे पाहिलंस हे?
तुझ्याच घरी, म्हणाला. दार उघडलं होतं त्यांनी.

परवा पुरावरून भांडण झालं.
कुणाला भोंगा हवा होता, कुणाला लाल अक्षरं.
मी म्हटलं, नाशकात राहता ना?
गोदेला पाणी किती, हे इथे फुटात कोण विचारतं?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला,
एवढ्यावर सराफ बाजार माल वर चढवायला लागतो.
तो दगड काय बोलतो?
मग घाटावर एक मूर्ती उभी केली,
अक्षरं काढून टाकली.

रविवारी आप्पांच्या हातात कंट्रोलर दिला.
आधी त्यांनी तो उलटा करून तळाचे स्क्रू पाहिले.
मग मुलाला दोनदा भिंतीवर आपटवत
पुलापर्यंत आणलं. म्हातारा सुरू झाला.
तीन टिंबं आली.
आप्पा पुढचं बटण दाबेनात.
कळलं नसेल म्हणून मी सांगायला वाकले,
तर कंट्रोलरच्या काठावर त्यांची करंगळी
वाकडी होत होती. सावकाश. दोनदा.

मी आईकडे पाहिलं.
या खेपेला तीही काही म्हणाली नाही.
पडद्यावर, मागे घाटावर,
पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागलं होतं.