सहावी शर्यत, चौदाशे मीटर

रेसकोर्स नाक्यावर आता घोडा म्हणून दिसत नाही.
सिग्नल आहे, बेकरी आहे, रिक्षांची रांग.
तरी कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतो,
"चला, रेसकोर्सवाले उतरा!"
जणू मागच्या बाकावरून जॉकीच उठणार आहेत,
गुडघ्यापर्यंत बूट, काखेत चाबूक,
आणि तिकिटाला सुट्टे नाहीत.

मी प्रेसमध्ये मुद्रितं तपासतो.
शनिवारी रात्री रेसचं पान सगळ्यात शेवटी येतं,
शब्दकोडं आणि हवामान यांच्यामध्ये अंग चोरून.
वेलांट्या सरळ करता करता
घोड्यांशी ओळख झाली.
'टिन व्हिसल'ची टि पहिली. 'सेकंड थॉट' नेहमी चौथा.
एकदा 'सिल्क रूट'चा माझ्या हातून 'सिल्क रूठ' छापला गेला
आणि तो खरंच रुसला,
गेट उघडलं तरी जागचा हलला नाही.
त्या दिवसापासून शौकत म्हणतो,
"मास्तर, माझ्या घोड्यावर तुझा लाल पेन नको."

शौकत मुजावरचा बाप टांगा हाकायचा,
म्हणून घोड्यातलं कळतं फक्त त्याला.
पुण्याचा घोडा तो इथून ओळखतो,
वर्तमानपत्रातल्या नावावरून,
"ह्याचं खूर नरम हाय, पाऊस झाला तर ह्यो जातोय."
पाऊस होतो. घोडा जात नाही.
शौकतचं ज्ञान तसूभर कमी होत नाही.

मालनकाकी चहा गाळता गाळता रंग विचारते.
"जांभळा-पिवळा? माझ्या धाकटीच्या साखरपुड्याचं लुगडं!
लाव माझं त्याच्यावर."
आणि सांगायला लाज वाटते,
पण वर्षाचा हिशोब काढला
तर काकी आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे.

पैज पैशाची नाही. हरेल त्यानं
गंगावेशीत सगळ्यांना धारोष्ण दूध पाजायचं, एवढंच.
हा नियम उद्यमनगरच्या पिराजी नेजदारानं घातला.
त्याच्या मामाला खरा नाद होता,
पुण्याला जायचा, येताना चालत यायचा.
दोन म्हशी घोड्यांवर गेल्या.
पिराजी हे एकदाच बोलला,
लेथवरचं तेल पुसत, आमच्याकडे न बघता.
मग म्हणाला, "हरायचंच हाय तर म्हशीपाशी हरू."

रविवारी चार वाजता
पिराजीचा तडकलेला मोबाईल बरणीला टेकवून उभा.
चार डोकी, एक काच, काचेत बारा घोडे
आणि घोड्यांहून जोरात पळणारं इंग्रजी.
ते आम्हाला अर्धं कळतं,
उरलेलं अर्धं शौकत सांगतो, चुकीचं.
वळण आलं. जांभळा मागं. टिन व्हिसल आतून घुसला.
"हाण! हाण! आरं सोड की लगाम!"
काकीच्या हातातली किटली हवेत,
शेवटचे दोनशे मीटर,
आणि चित्र थांबलं.

गोल चकती फिरायला लागली.
बारा घोडे हवेत, एकाचाही पाय जमिनीला नाही.

खरं सांगू, आठवडाभर मी
या चकतीचीच वाट बघतो.
इथं शौकतचा बाप बरोबर होता,
काकीचं लुगडं पुढं आहे,
सेकंड थॉटसुद्धा चौथा नाही अजून,
आणि मामा, न पाहिलेला तो मामा,
कुठल्याशा कठड्याला रेलून
अजून काहीच हरलेला नाही.
कुणी मोबाईलला हात लावत नाही.
चहा उतू जातो.

मग निकाल येतो. येतोच.

सात वाजता गंगावेशीत मी पाकीट काढतो.
पितळी पेल्यात फेस चढतो, मिशीला लागतो,
शौकत पुढच्या रविवारचा घोडा सांगायला लागतो.
म्हैस रवंथ करत उभी.
तिला ना नंबर, ना रंग, ना जॉकी,
घाई तर नाहीच नाही.
पिराजी तिच्या पाठीवर थाप मारतो,
अशी, जशी जिंकून आलेल्याला मारतात.