भोक की डाग

मुळ्ये सर म्हणाले, काम सोपं आहे:
कागदावर चौकटी आखायच्या,
चौकटीतले तारे मोजायचे,
जिथे कमी भरतील, तिथे काहीतरी आहे.

कागद उलटे छापलेले. तारे काळे,
अंधार पांढरा.
कॉलेजच्या मागच्या खोलीत पंखा लावायची चोरी,
आकाशगंगा टेबलावरून उडून जायची.

घरी, परदेशीपुऱ्यात, जेवताना सांगितलं
की आजकाल मी नसलेलं मोजते.
बाबांचा घास हातातच राहिला.
म्हणाले, म्हणजे फोल्डिंगच करून राहिली आहेस तू.

बत्तीस वर्षांतली तेवीस
थान उजेडापुढे धरून उभा राहिलेला माणूस.
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा,
तेल, गंज, कुणाच्या विडीची ठिणगी.
पहिला प्रश्न एकच: भोक आहे की डाग?
डाग धुतला जातो.
भोक चिंधीच्या भावात जातं.

मी म्हटलं, आमच्याकडेही आधी लोकांना भोकंच वाटली होती.
आभाळ तिथे विरलंय आणि पलीकडे कुणी नाही.
ते म्हणाले, कडा बघितल्या का?
भोकाची कड एकदम तुटते.
डागाची झिरपत जाते, जाता जाता रंग बदलते.

दुसऱ्या दिवशी कडा बघितल्या.
निळ्या कागदावर नसलेले तारे
लाल कागदावर अंधुक उभे होते,
मे महिन्यात धूळ उठली की
रेल्वे फाटकावरचा दिवा दिसतो तसे.

(एक ढग मी तीन दिवस मोजला, क्षेत्रफळ काढलं,
दुसऱ्या कागदावर तो नव्हताच.
छापणाऱ्याचा अंगठा होता.)

प्रत्येक ढगाला दाटपणाचा आकडा द्यायचा, एक ते सहा.
बाबांनी आकड्यांना कापडं लावली.
एक मलमल. दोन वायल.
तीन-चारवरून रोज भांडण,
आई म्हणायची, अहो, ढग आहे तो, आहेराचं कापड नाही.
सहा म्हणजे चौकटीत एकही तारा नाही.
भुजंगधारीच्या पायाशी असा एक सापडला
तो मी नियम मोडून, गुंडाळून घरी आणला.
धागे मोजायचं पितळी भिंग डोळ्याला लावून
ते बराच वेळ त्या कोऱ्या जागेवर वाकून होते.
असा माल आमच्याकडे कधी निघाला नाही, म्हणाले.
सहासाठी त्यांना नाव सुचलं नाही.

दिवाळीनंतर खोकला हटेना
तेव्हा एम. वाय.मधून एक्स-रे आणला.
फोल्डिंगच्या आधी नऊ वर्षं
ते कापूस पिंजायच्या खात्यात होते
हे मला त्या रांगेत कळलं,
डॉक्टर विचारत होते म्हणून.

घरी येऊन त्यांनी तो खिडकीला धरला,
दोन्ही कोपरे चिमटीत, हात सरळ, ताण बरोबर.
तिथेही धूळ पांढरीच.
मी काही विचारलं नाही.
तेच म्हणाले, भोक नाही.
आणि पाणी पिऊन झाल्यावर,
चार.
मी म्हटलं, तीन.

रजिस्टरात रकाने असतात: अनुक्रमांक, रेखांश, अक्षांश,
क्षेत्रफळ, दाटपणा. शेवटी शेरा.
आठशे चौदाव्या ढगापुढे मी पेन्सिलीनं लिहिलं होतं:
तीन. का. ल. ब. यांच्या मते चार.
सरांनी विचारलं, हे कोण, कुठल्या वेधशाळेचे?
म्हटलं, तपासनीस.
सर म्हणाले, खोडा ते.
खोडलं.

तिथे अजून काहीतरी आहे.
पान उजेडापुढे धरलं तर दिसतं,
फिकट, एक नंबरचं.
मलमल.