सहभागी क्रमांक सतरा

पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर, एक अंधारी खोली.
खिडकीला आतून काळा कागद,
कारण दुपारचं ऊन बुबुळावर चकाकतं
आणि कॅमेऱ्याला डोळा सापडत नाही.
खोलीत अर्धी मोटार: सीट, स्टिअरिंग, दोन पेडल.
समोर तीन पडद्यांवर सिंहगड रस्ता,
आम्हीच फेब्रुवारीत चित्रित केलेला.

कुंजीरकाका वीस मिनिटं आधीच आले.
एकतीस वर्षं बस चालवली, हडपसर डेपो.
चपला दाराबाहेर काढल्या.
म्हटलं, राहू द्या, ब्रेक दाबायचाय.
म्हणाले, अनवाणी पायाला जास्त कळतं.
मी नोंद केली: पादत्राण नाही.

हनुवटी इथे टेकवा. ठिपक्याकडे बघा.
आता या ठिपक्याकडे. आता या.
नऊ झाले तसे म्हणाले,
"ठिपके तर काढले बाई, रेघा कोण ओढणार?"
मी हसू दाबलं.
मी हसले असते तर तेही हसले असते,
आणि हनुवटी हलली असती.

मग सूचना, छापील, सावकाश:
गाडी आपली आपण चालेल.
धोका असला तर यंत्र आवाज देईल.
यंत्र चुकू शकतं.
हे शेवटचं वाक्य मी आधी सोळा जणांना वाचून दाखवलं होतं.
सोळाही जणांनी मान डोलावली
आणि पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास
सोळाही जणांची नजर सैल पडली.
मला ओळखू येते ती घडी.
डोळा उघडा, मान सरळ,
नजरेचं लाल वर्तुळ नेमकं कुत्र्यावर,
चारशे मिलिसेकंद.
बघितलं. दिसलं नाही.

या फटीत माझी सहा वर्षं गेली आहेत.

हात लांब करा, अंगठा उभा धरा:
त्या नखाएवढंच जग आपल्याला लख्ख दिसतं.
बाकीचं मेंदू उधारीवर आणतो.
आणि शेजारी यंत्र बसलं की म्हणतो,
चला, आता हा फेडेल.

अडतिसाव्या मिनिटाला आम्ही यंत्राला गप्प बसवतो, मुद्दाम.
उभ्या टेम्पोमागून सायकल येते,
सायकलवर आमच्याच खात्यातला मारुती, डब्यासकट.
पुढचं चाक दिसतं ती फ्रेम म्हणजे घटनेचा आरंभ.
शून्य तिथून मोजायचं.

काकांनी ब्रेक दाबला
शून्याच्या नऊशे मिलिसेकंद आधी.

संगणकाने रकाना भरला: खोटा इशारा.
त्याच्या लेखी रस्ता मोकळा होता.

का दाबलात?
"टेम्पोखालून सावली सरकली ना."

सावली.
गेल्या वर्षी चार महिने खपून
आम्ही यंत्राला सावल्या पुसायला शिकवलं,
ते झाडाच्या सावलीलाही थांबत होतं म्हणून.

ते गेल्यावर मी चित्रण परत लावलं.
लाल वर्तुळ तेव्हा रसवंतीच्या पाटीवर होतं,
सावलीपासून अकरा अंश लांब.
एकदाही तिकडे गेलेलं नाही.
बघितलं नव्हतं. दिसलं होतं.

मानधन तीनशे, पावतीवर सही,
ठसठशीत, आडनावाखाली रेघ.
जाताना त्यांनी विचारलं होतं, पास का?
इथे पास-नापास नसतं, मी म्हणाले.
खरं म्हणजे असतं.
सतराव्या ओळीत एक चूक जमा आहे,
आणि रकान्याचं नाव बदलायचं
तर समितीकडे अर्ज करावा लागतो, तीन प्रतींत.

संध्याकाळी स्कूटरवर बाणेर रस्त्याने
मी उभ्या टेम्पोंच्या पोटाखालून बघत निघाले.
सावल्या लांब झालेल्या, पायच पाय,
एक चाक, एक पिशवी, कुणाचं तरी शेपूट.
चौकात मागच्याने हॉर्न दाबून धरला.
समोर, अगदी समोर,
हिरवा दिवा
कधीचा लागला होता.