कुटुंबप्रमुख

फॉर्मवर रकाना होता: कुटुंबप्रमुखाचे नाव.
आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.
भाडं तीन खात्यांतून जातं,
गॅसची टाकी नौशीनच्या नावावर,
भांडणं कुणाच्याच नावावर नाहीत.
शेवटी गुट्टेबाईंनी सही ठोकली,
ज्या सकाळपर्यंत म्हणत होत्या,
मांजर आलं की मी चालले परळीला.

औसा रोडवरून रिक्षात,
बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आणलं.
एक कान अर्धा. अंगाला फिनेलचा वास.
घरात शिरलं ते फ्रिजमागं गेलं.
दूध नको, सुकट नको,
नौशीनचं ‘आजा, आजा’ तर नकोच.

आठव्या दिवशी, रात्री अडीचला
नळ आले.
घागरी, पातेली, कुकरसुद्धा भरून
वळून बघते तर
गुट्टेबाई ओल्या फरशीवर बसलेल्या,
मांडीत ते, झोपलेलं.
“पायाला मुंग्या आल्या गं,
पण उठू कशी म्या?
आन् तुम्ही जरा हळू बोला की.”

नाव अजून ठरलेलं नाही.
तिघी तीन नावांनी हाका मारतो,
ते एकीलाही दाद देत नाही.
नळाची सूं सूं ऐकली की मात्र येतं
आणि बादल्यांच्या रांगेत बसतं,
आपलाही नंबर असल्यासारखं.