नडगीला पाणी

मार्केट यार्डामागं, हळदीच्या गोदामाच्या माडीवर
आमचा क्लास.
मॅट निळी घेतली होती, आता हिरवट झालीय.
घाम पुसला की टॉवेल पिवळा,
म्हणून नव्या पोरांच्या आयांना मी आधीच सांगून ठेवतो,
ही कावीळ नव्हे.

नाव सुकुमार मगदूम. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.
डाव्या नडगीत सळई आहे,
गुडघ्यापासून घोट्यापर्यंत,
मिरजेच्या डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी ठोकलेली.

लाथ पावलानं मारत नाहीत.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो.
पावलात सव्वीस हाडं, काही तर सुपारीएवढी,
ती फुटायला समोरच्याचं कोपर पुरतं.
मारायचं नडगीनं.
नडगी फिरते खुब्यातून,
आणि खुबा तेव्हाच फिरतो
जेव्हा जमिनीवरचा पाय चवड्यावर वळून
समोरच्याला टाच दाखवतो.
टाच नाही वळली
तर गुडघा पिळून निघतो धुण्यासारखा.
आणि हे सगळं बरोबर केलं,
तरी समोरचा गुडघा उचलू शकतो.

कराडला त्यानं उचलला.
नदीवरून वारा येत होता, मंडप फडफडत होता.
तिसरी फेरी. मी दमलेलो, लाथ खाली आली,
आणि त्याच्या सगळ्यात जाड हाडावर
माझं सगळ्यात बारीक हाड.
आवाज असा,
की मागच्या रांगेत कुणीतरी उसाचं कांडं मोडलं.
मी पाय टेकवला.
तो टेकला नाही. दुमडला,
जिथं सांधाच नाही तिथं.
पंच हात हलवत राहिले, आणि तो पोरगा
स्वतःच्या गुडघ्याकडं बघून रडायला लागला.
नाव विसरलो त्याचं. रडणं नाही.

आरिफा शिकलगार दिवाळीनंतर आली.
सतरा वर्षांची, लांब पायांची, कमी बोलणारी.
जुन्या साड्या आणि भुसा भरलेली आमची बॅग
महिन्याभरात तिच्या बाजूनं खचली.
मग एकदा पट्टी सोडताना दिसलं,
नडगीभर टेंगळं, जांभळी, काही जुनी पडलेली.
"लाटणं फिरवते रात्री," म्हणाली.
"मोबाईलवर बघितलं. दुखणं मरतं म्हणे."
मी अंगठा दाबत दाबत वर गेलो. ती हसत होती.
एका ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत,
हसू थांबलं.

इलियासनं फोटो काढून उजेडावर लावला.
हाडाच्या पुढच्या धारेवर रेघ, केसाएवढी.
"ही लढाईतली नाही," म्हणाला, "घाईतली."
खाली एवढी पोती हळद,
पण असल्या रेघेला ती लागत नाही.

बापाला सांगायला मीच गेलो.
मिरजेत स्टेशनाजवळ दस्तगीरभाईंचं चाक,
कात्र्या, विळ्या, कसायांच्या सुऱ्या.
मी शब्द जुळवत उभा, ते सुरी लावत बसलेले.
"जोरानं दाबलं की पातं निळं पडतंय," मला बघून म्हणाले,
कदाचित सुरीबद्दलच.
"पाणी उतरतंय त्याचं. धार दिसती, खरी,
पण पहिल्याच हाडाला वळती."
मग एक्स-रे घेतला
आणि पातं बघतात तसा
एक डोळा मिटून उन्हाकडं धरला.
"किती दिवस बसायचं?"
"तीन महिने. जास्तही लागतील."
"तीनच?"
चाक परत फिरायला लागलं.

साडेचार लागले.
पोत्यावर बसून ती दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजायची,
मोठ्यानं, रागानं.

आता परत उभी राहते. बॅगला अजून मी हात लावू देत नाही.
नुसतं वळायचं. चवड्यावर, टाच समोर.
शंभरदा. मग परत शंभरदा.
थंडी पडली की माझी सळई ठणकते,
मी भिंतीला टेकून बघत असतो.
कोपऱ्यात तिच्या पायानं एक अर्धगोल पडलाय,
तेवढी मॅट
पुन्हा निळी दिसायला लागलीय.