पुढची बोट

पहिली तरंगते.
तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, तिला मी नाव दिलं नाही,
राजमणी तिला स्टोव्ह म्हणते.
स्पिरिटवर अकरा मिनिटं पळते, बाराव्याला
दमेकऱ्यासारखी टाकीच्या भिंतीला टेकते.

आता दुसरी.
कपाटावर तांब्याची नळी पडून आहे, तीन इंची,
इस्माईलच्या भंगारात फुटका बंब होता, त्याच्या पोटातली.
इतकी वर्षं हिच्या आत जाळ होता, बाहेर पाणी.
मी उलटं करणार.
इस्माईल म्हणाला, का बे, सोलापुरात बोट?
समुद्राला कळवलायस का?
मग पन्नास रुपये कमी केले.
बुडली तर परत आण, म्हणाला, तांबं तांबंच राहतंय.

एकतीस वर्षं मी टॉवेल कारखान्याच्या बॉयलरवर होतो,
अक्कलकोट रोडला, सेकंड क्लासचं सर्टिफिकेट,
काचेतली पाण्याची रेघ बघत.
रेघ उतरली की पोट आत ओढलं जायचं.
अजून जातं, ताकाचा पेला अर्धा झाला तरी.

तर कुठली करावी?
मन टगकडे जातं. बुटकी, रुंद, कमरेवर हात ठेवून उभी,
बॉयलर उभा मावेल, शिट्टीलाही जागा आहे.
पण ती पाच इंच पाण्यात बसते.
लाँच उघडी असते, सगळं इंजिन दिसतं,
पिस्टन धोट्यासारखा जातो, येतो,
नानांच्या मागाजवळ बसून मी तेवढंच बघायचो,
कापड कधी बघितलं नाही.
आणि तिसरी, मागं चाक असलेली, आठ फळ्यांचं,
तळ परातीसारखा सपाट.
ती मला आवडत नाही. म्हणजे, दिसायला
पाण्यावर ठेवलेलं माळ्याचं घर.

प्रश्न पाण्याचा आहे, इथं तो असतोच.
नळ पाचव्या दिवशी येतो.
चौथ्या दिवशी संध्याकाळी टाकी माझी, त्याआधी नाही,
कारण सिलिंडरचं तेल पाण्यावर पसरतं
आणि एकदा त्याचे रंग राजमणीला तांब्यात दिसले होते.
चौथ्या संध्याकाळी चार बोटं पाणी उरतं.
कंबर तलावावर नेऊन बघितली पहिली,
जलपर्णीत रुतली, वाफ सोडत राहिली रागानं,
एक पोरगं चड्डीसकट उतरलं, वीस रुपये घेतले,
वर विचारलं, आजोबा, चावी कुठं देता हिला?
आत विस्तव आहे, मी म्हटलं. त्यानं बोट लावून खात्री केली.

मग रात्री गच्चीवर खडूनं तिन्ही काढल्या,
खऱ्या मापात, शेजारी शेजारी.
टगवर दोनदा रेघ फिरवली, हे कबूल करतो.
मे महिना, फरशी रात्री अकरालाही तापलेली,
गुडघ्याचे ठसे उमटले नि वाळले.

सकाळी वर गेलो तर कुरडया.
टगवर जुनी चादर, तिच्यावर चाळीस एक कुरडया,
लाँचवर दुसरी, कडेला विटा.
चाकाची तेवढी मोकळी,
खडू जसाच्या तसा, आठही फळ्या.

मी विचारलं, हीच का सोडलीस?
तिकडं दुपारी टाकीची सावली येते, म्हणाली,
कुरडया वाळत नाहीत.
हात पिठाचे होते, ते पुसले नाहीत तिनं,
वाकली, चाकाकडं बघितलं.
ही चार बोटांत चालंल ना?

चालेल.

मग खाली ये, चहा गार होतोय. आणि ते चाक
लाकडाचं कर, पत्र्याचं नको, टाकीला चरे पडतील.

मी थोडा वेळ वरच थांबलो.
चादरीखाली टगचं नाक एका जागी बाहेर आलं होतं,
पांढरं, इंचभर.
पायानं पुसलं नाही.
कुरडई सरकवून झाकलं.