मोसंबं

दिवे लागले तेव्हा एरंडवण्याच्या त्या हॉलमध्ये
एकशे चाळीस माणसं नाक पुसत होती
आणि मी विचार करत होते शर्टाचा.
बारा वर्षं तुरुंगात काढून सुटलेला माणूस
घरी येतो, आईच्या पायाशी कोसळतो,
आणि बाहीवरची इस्त्रीची घडी
अजून कडक.

फाटक सरांनी विचारलं, कुणाला नाही आवडला?
दर शनिवारी विचारतात, रीत म्हणून,
पंगत उठता उठता भाताचं विचारावं तसं.
माझा हात वर गेला.
त्यांना वाटलं, पंखा कमी करायला सांगतेय.

पार्किंगमध्ये हेल्मेटच्या काचेआडून
सुलक्षणा म्हणाली, तुझं ना, मुद्दामच असतं.
मुद्दाम?
अगं, मी रडायच्या तयारीनं आले होते,
पर्समध्ये दोन रुमाल होते.
घरी येऊन कळेना,
धुवायला टाकायचे की तसेच कपाटात ठेवायचे.

पौड रोडच्या दातांच्या डॉक्टरांनाही आवडलेला.
माझ्या तोंडात आरसा, कापूस, नळी,
आणि ते शेवटचा प्रसंग सांगतायत,
काय हो, काटा आला की नाही अंगावर?
मी आ वासून.
इतका बिनविरोध ठराव
मी आयुष्यात कधी पास होऊ दिला नव्हता.

आता मला काय आवडलं होतं, ते सांगते.
एक मालिका. दुपारची. तेरा भागांची, नवव्यालाच गुंडाळली.
दार लावलं की भिंत हलायची,
ओठ मिटल्यावर संवाद मागून धावत यायचे.
आमच्याकडे सगळे ती हसायलाच बघायचे
आणि मी त्यांच्यात बसून
हसल्याचा आवाज काढत
नीट बघायचे.
सातव्या भागात, बदलीचा हुकूम आलेला पोस्टमास्तर
रिकाम्या खोलीत ट्रंकेवर बसतो
आणि मोसंबं सोलतो.
अख्खं.
कुणी बोलत नाही, मागे सनई नाही की सारंगी नाही,
तो नखानं पांढरं साल काढत राहतो
आणि शेवटी खात नाही.
मी अकरावीत होते.
त्या रात्री जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले.

पस्तीस वर्षं सांगून पाहिलं लोकांना.
कुठली गं, म्हणतात. आणि तुला तो एवढा मोठा पिक्चर आवडत नाही?

मग परवा तपकीर गल्लीत,
माझा मिक्सर पोटात उघडून बसलेले तांबोळी,
वर टीव्हीत कुणीतरी ढसाढसा रडत होतं
तिकडे न बघताच म्हणाले,
एवढं रडून काय होतं, बाई?
पूर्वी एक लागायची बघा,
त्यात एक पोस्टमास्तर नुसता संत्रं सोलत बसायचा.

मी काउंटर धरला.
मोसंबं, म्हणाले.
संत्रं, ते म्हणाले.
आणि खाल्लं नाही त्यानं.
तो कशाला खाईल? पोराला दिलं की, खिडकीतून.
कुठलं पोर? पोरबीर नव्हतं.
होतं, बाई. मळक्या बनियनमधलं.

साऱ्या जगात आमचं दोघांचं अल्पमत
आणि त्यातही फूट.
मागचं गिऱ्हाईक घसा खाकरत होतं.
त्यांनी कार्बन ब्रश बसवला, मिक्सर चालू केला,
त्या घरघरीतही ते बोलत होते, मीही,
आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं.

एकशे ऐंशी घेतले. एक रुपया सोडला नाही.
बरं वाटलं.

कर्वे रोडच्या सिग्नलला लक्षात आलं,
भांड्याचं झाकण तिथेच राहिलं.
उद्या जाईन.
संत्र्याचं साल असं हट्ट करत नाही, हाताला लगेच सुटतं,
हे त्यांना सांगायचंच राहिलंय.
पोराचं तेवढं
आठवून बघतेय मघापासून.

खिडकी होती.